अर्धं बटण

"बटण अर्धंच दिसतंय ओ, वाडकर साहेब."

मोरबाळे मामा नव्या स्क्रीनसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. मी शेजारी स्टुलावर बसून माऊस फिरवत होतो. सकाळचे अकरा वाजले होते, मागं भट्टीत लोखंड वितळत होतं आणि कट्ट्यावर इतकी धग होती की माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मला तिथून लवकर सुटायचं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

"दाबून बघा की. चालतंय ना?"

मामांनी बटणाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर दाबलं. "चालतंय ते खरं. पर खालचं अर्धं गेलं कुठं?"

"कुठं जाणार? आहे तिथंच आहे. दिसत नाही एवढंच."

"दिसत न्हाई आन् हाय," मामा म्हणाले. "म्हंजे देवागत झालं की."

कट्ट्यावरची दोन-तीन माणसं हसली. मीही हसलो. मामांच्या चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला होता, तो सारखा करत ते स्क्रीनजवळ वाकले आणि म्हणाले, "पर अक्षरं झाली बगा मोठी. काल मुंग्या चालल्यागत दिसत हुती. लई उपकार झाले."

त्या स्क्रीनची हकिगत अशी. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत शेट्यांची फाउंड्री होती. शेटेसाहेब मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि सत्तावीस इंची, अगदी बारीक ठिपक्यांचा स्क्रीन घेऊन आले. "वाडकर, नाद खुळा आहे की नाही?" म्हणून त्यांनी तो थेट भट्टीच्या कट्ट्यावर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. माझा प्रोग्राम त्यावर उघडला तर सगळं इवलंसं झालं. जुन्या स्क्रीनवर एका ठिपक्याला जेवढी जागा लागायची, तेवढ्यात या स्क्रीनवर चार ठिपके बसत. मामांचा फोन आला, मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये सगळं दुप्पट करून टाकलं. शंभर टक्क्यांचे दोनशे टक्के. झालं काम.

पण अक्षरं दुप्पट झाली आणि चौकटी झाल्या नाहीत. कारण प्रोग्राम लिहिताना चौकटींची मापं मी ठिपक्यांत घातली होती. ही चौकट पन्नास ठिपके रुंद, ते बटण वीस ठिपके उंच. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होतं, मग जगात सगळीकडं तसंच दिसणार, अशी माझी समजूत. खरं तर सगळी मापं नव्यानं बांधायला हवी होती. दोन दिवसांचं काम होतं. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. बटण अर्धं तर अर्धं, दाबलं की चालतंय ना?

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. 'वाडकर सॉफ्टवेअर' असा बोर्ड होता. आत मी, एक लॅपटॉप आणि एक उसना प्रिंटर. शेट्यांची फाउंड्री हे माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. माझा प्रोग्राम काम काय करायचा, तर लॅबमध्ये मगदूम मॅडम वितळलेल्या लोखंडाचा नमुना मशीनवर तपासायच्या, त्यात काय कमी आहे ते मशीन सांगायचं, आणि कुठला माल किती किलो टाकायचा याचा आकडा प्रोग्राम काढून भट्टीवरच्या स्क्रीनवर पाठवायचा. मामांनी आकडा वाचायचा, तेवढे सिलिकॉनचे खडे भट्टीत टाकायचे आणि ओतायला द्यायचं.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं हे काम मामांचा डोळा करत होता. केरबा मोरबाळे, मूळ कागल तालुक्यातले, चौथी शिकलेले. वाळूच्या साच्यात बोटभर लांबीची लोखंडाची पाचर ओतायची, पाण्यात विझवायची, हातोडीच्या एका टोल्यानं मोडायची आणि मोडलेल्या तोंडाला पांढरी कड किती रुंद आलीय ते उजेडात धरून बघायचं. कड रुंद म्हणजे सिलिकॉन कमी. मामा ती कड बघून सांगायचे, सहा किलो टाका, आठ टाका. आसपासच्या फाउंड्रीतली माणसं मोडलेल्या पाचरा रुमालात गुंडाळून त्यांना दाखवायला आणत. 'मोरबाळ्याचा डोळा' असंच म्हणायचे लोक.

माझा प्रोग्राम आल्यावर शेटेसाहेबांनी विचारलं होतं, "खडे टाकल्यावर दुसरा नमुना तपासतो आपण. तो आता लागेल का?" मी म्हटलं होतं, "कशाला साहेब? प्रत्येक हीटला, भट्टीच्या प्रत्येक घाण्याला, दहा मिनिटं वाचतील." दुसरा नमुना बंद झाला. पाचर मात्र मामांनी सोडली नाही. आकडा स्क्रीनवर आला तरी ते पाचर मोडून बघायचेच, आणि आकडा जुळला की स्क्रीनकडं बघून मान हलवायचे. मला त्याचा राग यायचा. माझ्या कामाची परीक्षा एक चौथी पास माणूस हातोडीनं घेतोय, असं वाटायचं मला.

स्क्रीन लावून पंधरा दिवस झाले असतील. मी गांधीनगरात एका दुकानात बसलो होतो, दुपारचे बारा-सव्वाबारा, मामांचा फोन आला.

"वाडकर साहेब, आज आकडा कमी दावाय लागलंय."

"कसला आकडा?"

"सिलिकॉनचा. चार पॉइंट पाच. पर पाचर मोडली, कड लई पांढरी हाय ओ. नखाएवढी. माझ्या हिशोबानं चौदा-पंधरा तरी टाकाय पायजेत. आज पिग आयर्न आलं न्हाई, सगळं स्टीलचं भंगार घातलंय. स्टीलमधी सिलिकॉन नसल्यागतच, त्याला एवढंच कसं पुरंल?"

समोर दुकानदार बसला होता. त्याला माझं काम दाखवत होतो आणि नेमका हा फोन. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल की याच्या प्रोग्रामची रोज तक्रार असते.

"मामा, लॅबच्या मशीनपेक्षा तुमची पाचर हुशार आहे का?"

पलीकडं भट्टीची घरघर ऐकू येत होती.

"तसं न्हवं…"

"मग? स्क्रीनवर आहे ते टाका. कॉम्प्युटरला काय तुमच्याशी वैर आहे का?"

"मगदूम बाईंस्नी इचारू का?"

"त्यांनीच पाठवलाय ना आकडा? किती वेळा तपासायचं तेच तेच? टाका."

"बरं," मामा म्हणाले. "तुमी म्हंताय तर टाकतो."

फोन ठेवला आणि मी दुकानदाराकडं बघून हसलो. "जुनी माणसं," म्हटलं. तोही हसला.

आठवड्यानं शेटेसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मी गेलो तर मामा आधीच उभे होते. खुर्ची रिकामी होती, पण ते उभेच. मगदूम मॅडम फाइल घेऊन बसल्या होत्या. टेबलावर पंपाची एक बॉडी ठेवलेली, तिची एक कड फुटलेली.

"अडतीस बॉड्या परत आल्यात," शेटेसाहेब म्हणाले. "तासायला घेतलं की टूल तुटतंय. कडा पांढऱ्याफटक, काचेसारख्या. पुण्याचा माणूस फोनवर काय काय बोलला ते इथं सांगत नाही, मॅडम बसल्यात."

"सिलिकॉन कमी पडलं," मामा म्हणाले. "मला तवाच ठावं हुतं."

"ठावं होतं तर ओतलंत कशाला?"

"मी फोन केलता. ह्यांस्नी."

शेटेसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "हो, आला होता फोन. मी सांगितलं, स्क्रीनवर आहे तेच टाका."

"आणि स्क्रीनवर काय होतं मामा?"

"चार पॉइंट पाच."

मगदूम मॅडमनी फाइलमधला कागद हळूच पुढं सरकवला. वाईट त्यांनाही वाटत होतं, दिसत होतं ते. "मामा, हे बघा. चौदा पॉइंट पाच. बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवलाय मी. रेकॉर्डला आहे."

मामा कागदावर वाकले. बराच वेळ वाचलं त्यांनी. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

"हितं चौदा हाय," ते म्हणाले. "तितं चार हुतं."

"मामा, आकडा एकच आहे."

"तितं चार हुतं साहेब. मी काय खोटं बोलतोय का? माझ्या पोरीची आन घेऊन सांगतो."

शेटेसाहेब खुर्चीत मागं टेकले. "वाडकर, तुम्ही सांगा. असं होऊ शकतं का? लॅबमध्ये एक आकडा आणि भट्टीवर दुसरा?"

आणि त्या क्षणी मला ते बटण आठवलं. अर्धं कापलेलं बटण. बटण कापलं जातं तर आकडा का नाही कापला जाणार? मला नक्की माहीत नव्हतं, हे खरं. पण 'बघून सांगतो साहेब' एवढं तर म्हणता आलं असतं. तीन शब्द होते. दहा मिनिटांचं काम होतं. मामा माझ्याकडं बघत होते, आशेनं बघत होते, कारण त्या खोलीत त्या स्क्रीनचं काही कळणारा मी एकटाच होतो.

पुढच्या महिन्यात शेटेसाहेब मला चार फाउंड्रीवाल्यांकडं घेऊन जाणार होते. तसा शब्द दिला होता त्यांनी.

"आकडा एकच असतो साहेब," मी म्हटलं. "लॅबमध्ये जो, तोच भट्टीवर. मधे बदलत नाही."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

माझ्यावरची नजर काढून मामांनी कागदाकडं नेली, मग स्वतःच्या हाताकडं. शेटेसाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. माणूस वाईट नव्हता तो.

"मामा, वय होतं. कुणाचंही होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. उद्यापासून कट्ट्यावर तुमच्या हाताखालचे चौगुले बसू देत. तुम्ही यार्डात भंगार उतरवून घेताना लक्ष ठेवा, सावलीत खुर्ची देतो. आणि डोळे दाखवून घ्या चांगल्या डॉक्टरला. कंपनी बघेल काय ते."

"पाचर तर बघू द्या साहेब. चौगुल्याला कळत न्हाई त्यातलं."

"पाचर आता बास, मामा. डोळ्यानं करायचं काम आहे ते."

मामांनी मान हलवली आणि दार लोटून बाहेर गेले. मी मुद्दाम मागं थांबलो, कारण व्हरांड्यात त्यांची गाठ पडायला नको होती.

जेवणाची सुट्टी झाली तसा मी कट्ट्यावर गेलो. तिथं कुणी नव्हतं. भट्टी झाकलेली होती, मामांची छोटी हातोडी खिळ्याला टांगलेली होती. मी प्रोग्राम उघडला आणि त्या दिवसाची ती हीट शोधली.

स्क्रीनवर होतं: चार पॉइंट पाच.

स्वच्छ, ठळक, मोठ्या अक्षरांत. कुठं अर्धवट नाही, पुसट नाही. आकडे मी चौकटीत उजव्या कडेला टेकवून ठेवले होते, एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून. अक्षर दुप्पट झालं, चौकट तेवढीच राहिली, आणि जागा पुरेना तेव्हा डावीकडचा 'एक' चौकटीच्या बाहेर गेला. दहाच्या आतले आकडे बरोबर बसत होते. पंधरा दिवस रोज पाच, सात, आठ किलोच लागत होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दहाच्या वर आकडा गेला तो त्याच एका दिवशी. आणि त्या दिवशी त्या माणसानं पाचर मोडून, कड बघून, फोन करून मला सांगितलं होतं की चौदा-पंधरा पाहिजेत. अचूक सांगितलं होतं. त्याचा डोळा बरोबर होता, पाचर बरोबर होती, स्क्रीनवर वाचलेलंही अगदी बरोबर होतं. चुकलो होतो तो फक्त मी.

मी लॅपटॉप जोडला. त्या चौकटीची रुंदी पन्नासाची दीडशे केली. बटणाची उंची वाढवली. प्रोग्राम पुन्हा चढवला आणि तीच हीट उघडली. चौदा पॉइंट पाच. दहा मिनिटंही लागली नाहीत. प्रत्येक बदलाची नोंद लिहून ठेवायची मला सवय होती. त्या दिवशीच्या रकान्यात मी लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

मग मी ऑफिसकडं निघालो. देवाशप्पथ सांगतो, सांगायलाच निघालो होतो. वाक्यसुद्धा जुळवलं होतं मनात. साहेब, एक घोटाळा झालाय, मामांची चूक नाही. यार्डातून जाताना मामा दिसले. भंगाराच्या ढिगाशेजारी नुसते उभे होते, कुठं उभं राहायचं ते अजून ठरलं नव्हतं बहुतेक. मी दुसऱ्या बाजूनं गेलो.

शेटेसाहेब फोनवर होते. मला हातानं बसा म्हणाले. "नाही नाही, सिस्टिम एकदम ओके आहे आमची," ते पुण्याला सांगत होते. "रेकॉर्ड आहे ना माझ्याकडं. माणसाची चूक झाली, माणूस बदललाय मी. हो, आजच. परत तक्रार येणार नाही, शब्द देतो." फोन ठेवला आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "वाडकर, तुमच्या प्रोग्राममुळं वाचलो बघा. रेकॉर्ड नसता तर त्यांनी ऑर्डरच काढून घेतली असती. चहा घेणार ना?"

"घेतो," मी म्हटलं.

चहा घेतला. मामा पुढं दोन वर्षांनी निवृत्त होणार, अशीही माहिती मिळाली त्या चहात. मी स्वतःला म्हटलं, दोनच वर्षं आहेत, खुर्ची आहे, सावली आहे. पगार तोच आहे. काय बिघडलं?

आता माझ्याकडं अकरा माणसं आहेत. प्रोग्रामची प्रत्येक खिडकी चार तऱ्हेच्या स्क्रीनवर, दीडपट, दुप्पट, अडीचपट करून, मोठ्यात मोठा आकडा घालून मी स्वतः बघतो, त्याशिवाय काही बाहेर जाऊ देत नाही. लोक म्हणतात वाडकर भारी काटेकोर. मामांना जाऊन दोन वर्षं झाली. जिवंत होते तोवर आठ वर्षं मला रोज वेळ होता, आणि कागल काही लांब नाही.

पण खरं सांगायचं ते हे नाही. ते पुढं आहे.

त्या मीटिंगनंतर तीनेक महिन्यांनी मी चौगुल्यांना काहीतरी दाखवायला कट्ट्यावर गेलो होतो. पाठीमागून आवाज आला, "वाडकर साहेब, हाय का येळ?"

मामा होते. काळा चष्मा घातलेला, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. हातात कागदी पुडा.

"घ्या, कंदी पेढं हायत. डोळ्याचं आपरेशन झालं. मोतीबिंदू निघाला की ओ उजव्या डोळ्यात!"

"मोतीबिंदू?"

"व्हय. डागदर म्हनला, सुरुवात हाय, आत्ताच काढायची घाई न्हाई. म्या म्हनलं, काढा. त्यानं माझी भाकरी खाल्ली, काढून टाका." मामा हसले. मग एकदम संकोचून म्हणाले, "एक काम हुतं. ती हीट काढून दावता का? त्या दिसाची."

"कशाला मामा आता?"

"दावा की. बगायचं हाय मला एकदा."

चौगुले बघत होते. मी हीट उघडली. मामांनी काळा चष्मा काढला. डोळा अजून लालसर होता. वाकले नाहीत ते, पूर्वीसारखं जवळही गेले नाहीत. चार हात लांबूनच वाचलं त्यांनी, एकेक अक्षर सुटं करत.

"चौदा. पॉइंट. पाच."

मग बटणाकडंही त्यांची नजर गेली. "बटण बी पुरतं दिसतंय की ओ आता," ते म्हणाले.

आत्ता, मी मनात म्हणत होतो. आत्ता सांग. यापेक्षा सोपी वेळ येणार नाही. माणसानं स्वतः बटणापर्यंत आणून सोडलंय तुला.

"म्हंजे तवाबी हे असंच हुतं," मामा म्हणाले. "मलाच दिसत नव्हतं. बटण काय, एक काय. आन् मी पोरीची आन घेटली ओ. खोटी आन घेटली मी."

"मामा, तसं नाही…"

"तसंच हाय. शेटेसाहेब काल म्हनले, डोळा बरा झालाय तर या परत कट्ट्यावर, पाचर बगा. मी न्हाई म्हनलं. आपरेशन झालं, दिसतंय, समदं खरं. पर आता कड बगितली तर माझंच मन म्हनंल, ही खरी का खोटी? कसं टाकायचं मग?" त्यांनी खिळ्यावरची हातोडी काढली, चौगुल्यांच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. एकच टोला द्यायचा, दोन न्हाईत."

मग ते माझ्याकडं वळले. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि दोन्ही हात जोडले. छप्पन्न वर्षांचा माणूस, माझ्या बापाच्या वयाचा.

"चार लोकांत तुमच्या प्रोग्रामाला मी खोटं पाडाय बगितलं. तवापासनं मनाला लागून हाय माझ्या. तुमचं त्यात काय बी चुकलं नव्हतं, आन् तरी मी तुमचं नाव घेटलं. माफी करा साहेब."

भट्टी घुमत होती. चौगुले हातोडी धरून उभे होते. मामांचे हात जुळलेलेच होते, खाली येत नव्हते, मी काहीतरी म्हणायची वाट बघत होते.

मी पेढ्यांचा पुडा एका हातात धरला, दुसरा हात त्यांच्या हातांवर ठेवला आणि म्हटलं, "असू दे मामा. मी मनात ठेवलेलं नाही."

माफ केलं मी त्यांना.